चार नंबरमधला दुसरा माणूस

मला माणसांचा कंटाळा आहे, असं अजिबात नाही. मला एकाच माणसाचा राग आहे, आणि त्याला मी पाच वर्षांत एकदाही पाहिलेलं नाही. त्याचं नाव फर्गस. तो माझ्या पलंगावर झोपतो.

म्हणजे काय, ते सांगतो. टॅरवेलच्या कोळशाच्या खाणीत मी पाण्याचा टँकर चालवतो. डंपरच्या रस्त्यांवर धूळ उडू नये म्हणून पाळीभर पाणी मारत फिरायचं, एवढंच काम. त्यात मिरवण्यासारखं काही नाही हे मला ठाऊक आहे, कुणी सांगायला नको. सात दिवस काम, सात दिवस सुट्टी. मंगळवारी विमानाने ब्रिस्बेनला जायचं, पुढच्या मंगळवारी परत यायचं. कंपनीच्या छावणीत सातशे माणसं पत्र्याच्या डब्यांत झोपतात. मला ते जमत नाही, म्हणून मी गावात रोवीना क्विल्टीच्या घरी उतरतो, मागच्या अंगणातल्या चार नंबरच्या खोलीत. आणि माझ्या सुट्टीच्या आठवड्यात तीच खोली, तोच पलंग फर्गसचा. रोवीना मध्ये फक्त चादर बदलते.

ज्या विमानाने तो येतो त्याच विमानाने मी जातो. शंभर नारिंगी शर्ट शिडी उतरत असतात आणि शंभर नारिंगी शर्ट चढायला ताटकळत असतात. त्या उतरणाऱ्यांत कुठेतरी तो असणार. कुठला, ते मी कधी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर हात मिळवावा लागला असता.

बायकांना सवत असते. मला फर्गस होता.

तो खाणीत फिटर आहे, म्हणजे त्याच्या हातात कला आहे, आणि माझ्या हातात नळी. रोवीनाचं पुढचं फाटक कुरकुरायचं. एका मंगळवारी आलो तर ते मुकाट उघडलं. मी दोनदा उघडून, लावून बघितलं.

"फर्गसने केलं," रोवीना दारातून म्हणाली. "विचारलंसुद्धा नाही, आपणहून केलं बघ."

पुढच्या खेपेला स्वयंपाकघरात नवी फळी. त्याच्या पुढच्या खेपेला सुऱ्यांना धार. मीही गप्प बसणारा नव्हतो. तिच्या न्हाणीघरातला नळ गळत होता, तो दुरुस्त करायला घेतला. दोन तास खपलो. पाणी जे उसळलं ते जिन्यापर्यंत गेलं. रोवीना गुडघ्यापर्यंत पाय वर करून खुर्चीवर बसली आणि मान मागे टाकून हसत सुटली. "राहू दे रे लेस्टर, मंगळवारी फर्गस येईलच." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग त्याने डंपरच्या जुन्या टायरमध्ये माती भरून टोमॅटो लावले आणि चिठ्ठी ठेवली: लेस्टर, पाणी घालशील ना? जगात मला दुसरं काही येत नसलं तरी पाणी घालता येतं. मी तीन दिवस एक थेंब घातला नाही. चौथ्या दिवशी माझी मलाच लाज वाटली, म्हणून इतकं घातलं की मुळं कुजली.

नोलन नावाचा डंपरवाला माझ्या पाळीला असतो. आमचे डबे एकाच टेबलावर उघडतात, त्यामुळे त्याला सगळं ठाऊक. "काय रे, तुझी सवत काय म्हणते?" तो सगळ्यांदेखत विचारायचा. "या आठवड्यात छप्पर घातलं की विहीर खणली?"

"तुझं तोंड आवर," मी म्हणायचो.

"अरे, त्यापेक्षा तिला सांगून टाक की. जळून कोळसा होशील, आणि कोळसा इथे कमी नाही."

सांगायचं तर होतंच. रोवीनाचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, माझी बायको मला सोडून गेली त्याला आठ. मला रोवीना आवडायची, पहिल्या वर्षापासून आवडायची. ब्रिस्बेनजवळ रेडक्लिफला माझा समुद्राकाठचा फ्लॅट आहे. तिथे सात दिवस मी काय करतो, तर मंगळवारची वाट बघतो. पण हे तोंडाने म्हणायचं म्हणजे माझ्या जिवावर यायचं. तिने नाही म्हटलं तर खोलीही जाईल, आणि मग ती सबंध फर्गसची होईल. हा विचार आला की मी तिच्याकडे आणखी एक कप चहा मागायचो.

एका बाबतीत मात्र मी त्याच्या वरचढ होतो. ती बाब म्हणजे सरकारी मोजणी.

दर जूनच्या शेवटच्या आठवड्यात ब्रिस्बेनची मोजणीवाली मंडळी खाणपट्ट्यातल्या प्रत्येक छावणीला, मोटेलला, खोल्या देणाऱ्या घराला फॉर्म पाठवतात. या आठवड्यात तुमच्याकडे कामापुरते आलेले किती जण झोपले, आणि कायमचे राहणारे किती? बस्स, दोन रकाने. विमानाने येऊन विमानाने जाणारे आम्ही नेमके किती, हे सरकारला हवं असतं, कारण पाणी आमच्यासाठी लागतं, रस्ते आम्ही झिजवतो, आणि जनगणनेच्या कागदात मात्र आम्ही भलत्याच गावी असतो. नियम असा, की त्या आठवड्यात जो कामावर असेल तोच मोजायचा. जो सुट्टीवर तो नाही. वर्षाचे आठवडे बावन्न, म्हणजे आमची आलटून पालटून पाळी दरवर्षी त्याच ठिकाणी यायची. मोजणी सदा माझ्या आठवड्यात. चार वर्षं चार नंबरच्या खोलीत सरकारदरबारी एकच माणूस राहत होता, आणि तो मी. फर्गस नावाचा मनुष्य कागदावर कुठेही नव्हता.

हसू नका. मला त्याचा फार आधार होता.

रोवीनाला फॉर्मांची चीड, त्यामुळे फॉर्म मीच भरायचो. ती समोर चहा घेऊन बसायची. पहिला रकाना: कायमचे राहणारे, एक. ती स्वतः. मग दुसरा. तेव्हा ती दरवर्षी न चुकता विचारायची, "लेस्टर, तुझं घर कुठे?" आणि मी तत्परतेने म्हणायचो, "रेडक्लिफ." दुसरं काही म्हणालो असतो तर दुसऱ्या रकान्यातून उडालो असतो ना! एकदा तिने पुढेही विचारलं, "तिकडे कोण कोण असतं?" मी म्हटलं, "बरीच मंडळी आहेत. मित्र आहेत, समुद्र आहे." ती "बरं" म्हणाली आणि कप विसळायला उठली.

यंदा मोजणी एक आठवडा पुढे गेली. का गेली कोण जाणे. रोवीनाने सहज सांगितलं आणि मी बोटांवर आठवडे मोजले. पुढचा आठवडा फर्गसचा! कागदावरही आता तोच असणार आणि मी कुठेच नाही.

त्याच दुपारी मी खाणीच्या ऑफिसात गेलो आणि सुट्टीचा आठवडा सोडून जादा पाळी मागितली. दुरुस्तीसाठी मोठं यंत्र बंद राहणार होतं, रात्रपाळीला टँकरवाला हवाच होता. त्यांनी आनंदाने नाव लिहून घेतलं.

"वेड लागलंय का तुला?" नोलन म्हणाला. "चौदा दिवस सलग? कशासाठी? सरकारने तुझं डोकं मोजावं म्हणून?"

"तुला नाही कळायचं."

"मला कळतं रे, म्हणून तर काळजी वाटते."

झोपायचं कुठे, हा प्रश्न होता. मी रोवीनाला म्हटलं, फर्गस येईल, तर मला अंगणातली जुनी कॅरॅव्हॅन दे, चालेल. तिने हातातली चादर खाली ठेवली. मग म्हणाली, "कशाला? चार नंबर रिकामी आहे. तूच राहा."

मी पुढे काही विचारलं नाही. शहाणा माणूस विचारतो, मी खोलीत जाऊन दार लावलं आणि मोज्यांवर नाचलो. गेला! फर्गस गेला! दुसऱ्या खाणीत लागला असेल, पश्चिमेला गेला असेल, मेला असेल तरी माझी हरकत नव्हती. त्या मंगळवारी शंभर नारिंगी शर्ट उतरले, चढले, आणि मी इथेच होतो. दाढी केली. लोखंडी तव्यावर तिच्यासाठी अंडी तळली, एकच फुटलं. मनात ठरवलं, या आठवड्यात बोलायचं. बुधवारी सकाळी फॉर्म भरू आणि तिथेच टेबलावर बोलायचं.

बुधवारी कडाक्याची थंडी होती, इकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा. रोवीना जुना लोकरी कोट घालून बसली, तिने फॉर्म माझ्यापुढे सरकवला. मी पेन काढलं. कायमचे राहणारे. सवयीने एक लिहायला गेलो.

"दोन लिही," ती म्हणाली.

मी वर बघितलं. ती लाजली होती. पन्नाशीची बाई, कानापर्यंत लाल झाली होती. आणि मला वाटलं... काय वाटलं ते सांगायला नको, तुम्हालाही तेच वाटलं असतं. मी सुट्टी सोडून इथे राहिलो, तिने कारण ओळखलं, आणि आपल्या तोंडून शब्द निघत नाही म्हणून ती कागदावर सांगतेय. दोनचा आकडा धड येईना. मी तो दोनदा गिरवला.

"आणि खाली," ती म्हणाली, "कामापुरता आलेला एक. चार नंबर."

"चार नंबरमध्ये कोण?"

"कोण म्हणजे? तू."

"मग वर दुसरा कोण?"

ती कोटाचं बटण फिरवत बसली. "फर्गस," ती म्हणाली. "तो रजा काढून बंडाबर्गचं घर बंद करायला गेलाय. शुक्रवारी सामान घेऊन येतोय. मी तुला सांगणारच होते लेस्टर, पण तू इतका खुशीत होतास, अंडी काय तळत होतास..."

मी पेन खाली ठेवलं. ओरडायचं नाही असं ठरवलं आणि ओरडलो. "पाच वर्षं! पाच वर्षं मी इथे येतोय! त्याने असं काय केलं? फाटकाला तेल घातलं म्हणून? एका फळीवर माणूस घरात घेतात का?"

"फळीचा काय संबंध?"

"मग कशाचा?"

आता तीही तापली. "मागे मार्चमध्ये मी त्याला सहज विचारलं, तुझं घर कुठे रे? तो इतका वेळ गप्प बसला की मला वाटलं ऐकू आलं नाही. मग म्हणाला, 'सांगायला बंडाबर्ग. पण तिकडे गेलो की मला इथलीच आठवण येते.' बस, एवढंच म्हणाला. आणि तुला मी किती वर्षं विचारलं? याच टेबलावर, चार वर्षं. तू माझं वाक्य पुरं व्हायच्या आत रेडक्लिफ म्हणायचास. समुद्र आहे म्हणालास, मित्र आहेत म्हणालास. मी आणखी काय करायला हवं होतं, गळ्यात पडायला हवं होतं?"

"तू फॉर्मसाठी विचारतेस असं वाटलं मला."

"फॉर्ममध्ये तो प्रश्नच नाही, लेस्टर. वाचता येतं ना तुला?"

मी फॉर्म पाहिला. खरंच नव्हता. चार वर्षं माझ्याच हाताने भरला होता, आणि त्यात फक्त आकडे मागितले होते. कुणाचं घर कुठे, हे सरकारने विचारलंच नव्हतं, ते ती विचारत होती. आणि मी एका माणसाला कागदावरून हटवायच्या नादात तिला चार वेळा नाही म्हणालो होतो. मी सही कुठे करायची ते दाखवलं आणि खोलीत गेलो.

तुम्हाला वाटेल, मग माझा फर्गसवरचा राग गेला. छे! दुप्पट झाला. आधी तो माझ्या पलंगावर झोपायचा, आता झोपणारही नव्हता, तो मला सबंध पलंग देऊन टाकत होता. भीक घातल्यासारखा.

शुक्रवारी दुपारी मी रात्रपाळीची झोप संपवून स्वयंपाकघरात आलो. रोवीना मटण आणायला खाटकाकडे गेली होती. मेंढीची अख्खी तंगडी भाजायची होती, फर्गससाठी. मला पाच वर्षं डब्यातला बीट आणि थंड मटणाचे काप. तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला.

"मिसेस क्विल्टी आहेत का? मी ब्रिस्बेनहून मोजणीच्या कामासाठी बोलतेय." तरुण मुलीचा आवाज होता, फार सौजन्याचा.

"बाहेर गेल्यात. मी त्यांचा फॉर्म भरतो."

"अरे वा, मग तुम्हीच सांगा. तुमच्या फॉर्मचा फोटो मिळाला. कायमचे राहणारे गेली चार वर्षं एक होते, यंदा दोन लिहिलंय. आणि आकडा दोनदा गिरवलाय, म्हणून म्हटलं चुकून तर नाही ना झालं? टॅरवेलमध्ये राहणारे कमीच होत चाललेत, वाढलेला आकडा आला की आम्ही विचारून घेतो."

मी भिंतीवरच्या फर्गसच्या फळीकडे बघितलं. ती मुलगी थांबली होती.

"चूक झाली," मी म्हणालो. "एकच आहे."

"नक्की ना?"

"नक्की. घाईत लिहिलं गेलं."

"धन्यवाद सर, दुरुस्त करते."

मी फोन ठेवला. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. त्याची फळी, त्याचं फाटक, त्याची मेंढीची तंगडी, सगळं खुशाल राहू दे, पण सरकारदरबारी तो पुन्हा नव्हता. मी चहा टाकला, दोन चमचे साखर जास्त घातली आणि उभ्या उभ्या प्यायलो.

पाऊण तासाने फाटकाशी ट्रक थांबला. मागे शीतकपाट, कपडे धुवायचं यंत्र, दोऱ्यांनी बांधलेल्या खुर्च्या. रोवीनाची गाडी त्याच्या मागोमाग आली. ट्रकमधून जो उतरला तो माझ्या खांद्याएवढाही नव्हता. डोक्यावर चार केस, चष्म्याच्या एका काडीला तार गुंडाळलेली. पाच वर्षं मी मनात एका धिप्पाड माणसाला शिव्या घालत आलो होतो.

तो शर्टाला हात पुसत पुढे आला. "लेस्टर ना? तुझ्या उशीला मी कधी हात लावला नाही हं, शपथ!" मग मान खाली घालून म्हणाला, "खरं सांगू का? मला तुझा भारी राग यायचा. दर जूनला हिचं सुरू व्हायचं. लेस्टरचं अक्षर बघ, लेस्टरने फॉर्म कसा भरला बघ. मी आपला हातोडा घेऊन काहीतरी ठोकत बसायचो."

मी त्याच्या खुर्चीची दोरी सोडू लागलो.

रोवीना मटणाची पिशवी छातीशी धरून उभी होती. "मोजणीवाल्यांचा फोन आला होता का रे? खाटकाची बायकोही खोल्या देते, तिलाही आला म्हणे. तिच्याकडे एक कमी झालाय, मुलगा गेला ना किनाऱ्याला. मी तिला म्हटलं, आमच्याकडे दोन झाले." तिचा चेहरा असा फुलला होता की मी पुढे तिच्याकडे बघू शकलो नाही. "काय सांगितलंस?"

"दोन," मी म्हणालो.

"शाब्बास," ती म्हणाली आणि दोघं शीतकपाटाला हात लावायला गेली.

मी अंगणातल्या पाण्याच्या टाकीमागे गेलो. मोबाइल काढला. फॉर्मसोबत आलेल्या जादा कोऱ्या प्रतीवर नंबर छापलेला होता, ती माझ्या खिशातच होती. दोनदा चुकीचा दाबला. तिसऱ्यांदा तीच मुलगी आली.

"मी टॅरवेलहून," मी म्हणालो, "क्विल्टींच्या घरून. मघाशी मी खोटं बोललो. तिथे दोन जण राहतात. रोवीना आणि फर्गस. दोनच लिहा."

ती जरा गोंधळली. "म्हणजे पहिला आकडा बरोबर होता?"

"हो. बरोबर होता."

"ठीक आहे, दोन." कळा दाबल्याचा आवाज आला. "आणि सर, दुसरे राहणारे ते तुम्हीच का? नाव नको, मला फक्त खात्री करायचीय."

तिकडून फर्गसचं ओरडणं ऐकू आलं, सांभाळ, कोपरा लागेल, आणि रोवीनाचं हसणं.

"नाही बाई," मी म्हणालो. "मी खालच्या रकान्यातला."